चार दिवस दुसऱ्या कळपात

परभणी जिल्ह्यातल्या माणसानं परभणी जिल्ह्यातच हिंडायला जावं, हे आमच्या पेडगावात कुणाला पटत नाही. फिरायचं म्हणजे तिरुपती, गोवा, गेलाबाजार औंढ्याचा नागनाथ तरी पाहिजे. आम्ही नवरा-बायको दोन पिशव्या घेऊन स्टेशनाकडं निघालो तेव्हा शेजारच्या काकूंनी हातातलं सूप खाली ठेवून विचारलं, "कोण आजारी हाय गं?"

"कुणीच न्हाई. फिरायला चाललोत."

"कुठं?"

"सेलूला."

काकू "बरं बरं" म्हणाल्या. परत आल्यावर कळलं, आमची गाडी मानवत रोडला पोचायच्या आत सेलूची माझी नणंद शेवटच्या घटका मोजत असल्याची बातमी गावभर झाली होती.

सेलू आणि देवगाव फाटा ही काय बघायची ठिकाणं आहेत का, असं ज्यांना वाटत असेल त्यांनी एकदा पोरगं सैन्यात पाठवावं आणि मग तिथं जावं.

आमचा वैजनाथ, म्हणजे वैजू, एकुलता एक. तीन भरत्या धावला. पहिल्या वेळी धावण्यात थोडक्यात गेला, दुसऱ्या वेळी छाती भरली नाही, तिसऱ्या वेळी सगळं जमलं. पुढच्या भरतीला त्याचं वय बसणार नव्हतं. म्हणजे ट्रेनिंग सोडून परत आला तर सैन्याचं दार कायमचं बंद. निवड झाली तेव्हा गावानं सत्कार केला, डीजे लावला, स्टँडवर मोठा बॅनर लावला. बॅनरवरचा फोटो इतका गोरा केला होता की घरच्या मेंढरांनीही वैजूला ओळखलं नसतं.

आणि परभणीच्या स्टेशनावर, गाडी हलता हलता, त्याच्या आबांनी, म्हणजे आमच्या ह्यांनी, खिडकीत तोंड घालून काय सांगावं? "करमलं न्हाई तर ये बाबा निघून. कुणाच्या बापाला भ्यायचं न्हाई!" मी ह्यांच्या दंडाला असा चिमटा काढला की डाग आठ दिवस राहिला.

भरतीची तयारी करून घेणारे अकॅडमीचे सर मला आधीच बजावून गेले होते. "ताई, पहिला फोन लय वंगाळ आसतो. पोरगं रडकुंडीला आलेलं आसतं. त्या टायमाला घरच्यांनी 'ये' म्हणलं की गेलं हातचं." पलीकडच्या एका गावात एक पोरगं तसं आलंही होतं. त्याचा बॅनर अजून वाऱ्यावर फडफडत होता आणि ते पोरगं दिवसा घराबाहेर पडत नव्हतं. वैजूनं पोचल्या पोचल्या कळवलं होतं, "मोबाईल जमा करायलेत. पुढच्या रविवारी दुपारी लावू देतेत." तेव्हापासून आमच्या घरात रविवारशिवाय दुसरा वार उरला नाही. मी ह्यांच्याकडून खंडोबाची आण घेतली. मी बोलणार, ह्यांनी फक्त "बरा हायस का" विचारायचं, 'ये' म्हणून तोंडातून काढायचं नाही. ह्यांनी आण घेतली, पण घेताना माझ्याकडं बघितलं नाही.

प्रवासाची कल्पना ह्यांचीच. आमच्याकडं चाळीस-पन्नास मेंढरं आणि थोड्या शेळ्या आहेत. कोकरू दुधावरून तोडायचं असलं की ते आईपासून लांब, आवाज ऐकू येणार नाही अशा दुसऱ्याच्या कळपात नेऊन सोडतात. आई चार दिवस ओरडते, पाचव्या दिवशी चरायला लागते. हे शास्त्र ह्यांनी वीस-पंचवीस वर्षं वापरलंय आणि एकदाही चुकलेलं नाही. एका सकाळी चहा पिता पिता ह्यांनी ते माझ्यावर लावलं.

"कोकरू तर गेलंय. आता तूच चार दिवस दुसऱ्या कळपात चल. इथं त्याची खाट, त्याचे बूट, समदं बघून तुला तरास व्हायलाय."

"मला मेंढी केली का?"

"तसं न्हाई. मेंढी समजूतदार आसती."

माझ्याकडं सोमवारी द्यायची लग्नघरची ब्लाउजं होती. मी गावात शिवणकाम करते, आणि लग्नघर एकवेळ नवरी विसरेल पण ब्लाउज विसरत नाही. म्हणून चारांचे तीन दिवस केले. मेंढरं धाकट्या दिरांकडं सोपवली आणि निघालो.

शुक्रवार : पेडगाव ते सेलू

पॅसेंजरला गर्दी होती. खिडकी ह्यांनी धरली, कारण रुळालगतच्या रानात कुणाची मेंढरं चरतात हे बघितल्याशिवाय ह्यांना प्रवास झाल्यासारखा वाटत नाही. "ही बग, हिचे खूर वाढलेत. मालक झोपलाय का?" असं चालू होतं. समोर एक आजी बोरांची पाटी घेऊन बसल्या होत्या. त्यांनी मूठभर बोरं माझ्या ओंजळीत टाकली आणि बियांचं काय करायचं ते डोळ्यांनी दाखवलं. सगळा डबा खिडकीतून बिया थुंकत होता. काळ्या रानात ज्वारी कमरेच्या वर आली होती आणि कापूस वेचणाऱ्या बायकांच्या रांगा लांबून हात हलवत होत्या. दोन आठवड्यांत पहिल्यांदा मला जरा बरं वाटलं.

तेवढ्यात फोन वाजला. वार शुक्रवार होता, पण फोनला वार कुठं कळतो? अनोळखी नंबर बघून हे ताडकन उभे राहिले. डोक्यावरची टोपी नीट केली आणि डबाभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "जयहिंद साब!"

पलीकडून एक मुलगी गोड हिंदीत काहीतरी सांगत होती. हे ऐकून न घेताच म्हणाले, "मैं वैजनाथ का पिताजी बोल रहा. लडका बरा है ना? खाना खाता ना बराबर?"

मुलगी गोंधळली असणार. मग ह्यांच्या कपाळावर आठी आली. "कार्ड? आधार कार्ड तो उसके पास दिया जी. झेरॉक्स भी दिये, धा-बारा."

मी फोन काढून घेतला. कुठल्याशा बँकेचं क्रेडिट कार्ड होतं. मुलीला मी "नहीं चाहिए" म्हणाले, तर ती म्हणाली, "मॅम, सर बहुत अच्छे हैं." मग तिनंच विचारलं, "लडका आर्मी में है क्या?" मी हो म्हणाले. "ऑल द बेस्ट" म्हणून तिनं फोन ठेवला. हे मात्र मानवत रोड येईपर्यंत उभेच होते, आणि तोवर खिडकी बोरंवाल्या आजींनी घेतली होती.

सेलूला नणंदबाई धडधाकट भेटल्या. त्यांचं घर जिनिंगच्या अंगाला आहे. कापसाच्या हंगामात तिथं सगळ्या वस्तूंवर बारीक तूस बसतो. तुळशीवर, दुधाच्या भांड्यावर, जावयाच्या मिशीवर. पाहुणा आला की ह्या आधी पदरानं खुर्ची झटकतात, मग पाहुण्याला झटकतात, मग बसा म्हणतात. आमच्या पेडगावात पाहुण्याला पाणी देतात आणि चहा ठेवतात, विचारायची पद्धत नाही. सेलूत "चहा घेणार का कॉफी?" असं विचारतात. हे अशा प्रश्नांनी बेजार होतात. "कोणता बी द्या, पण विचारू नका," असं त्यांनी बहिणीला सांगितलं.

जेवायला धपाटे होते, वर घट्ट दही, बाजूला शेंगदाण्याची चटणी. नणंदबाईंनी वाढता वाढता म्हटलं, "वैजूला माझ्या हातचे लय आवडतेत. एका टायमाला सात खातो." झालं. ह्यांचा दुसरा घास ताटाच्या काठावरच राहिला. घरी चार भाकरी मोडणारा माणूस अर्ध्या धपाट्यावर उठला आणि म्हणाला, "पोटात गच्च झालंय. गाडीत बोरं लय झाली." ह्यांनी एकही बोर खाल्लेलं नव्हतं. मी तीन धपाटे खाल्ले. तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं की दुसऱ्या कळपात आणलेली मेंढी कोण आहे.

शनिवार : सेलू

सकाळी कापसाचा बाजार बघायला गेलो. टेम्पो, ट्रॅक्टर, मोठ्या गाड्या यांची लांबच लांब रांग, आणि प्रत्येक गाडीवर कापसात रुतून झोपलेला एक माणूस. भावाचा निकाल लागेपर्यंत झोपायचं आणि लागल्यावर ओरडायचं, अशी तिथली रीत. एका गाडीवरच्या काकांनी आम्हाला वर बोलावून चहा पाजला. कापसावर बसून चहा प्यायलाय का कुणी? कप ठेवायला सपाट जागाच मिळत नाही. माझा अर्धा चहा कापसानं प्यायला. काकांनी तेवढा ओला कापूस उचलून मधे दाबला आणि "वजनाला बरं" म्हणाले.

दुपारी हे गायब झाले. "पान खाऊन येतो" म्हणून गेले, आणि पान ह्यांनी जन्मात खाल्लेलं नाही. तास गेला, दीड तास गेला. फोन माझ्याजवळ, कारण दोघांत एकच फोन आणि आम्ही तो पाळीपाळीनं सांभाळत होतो. नणंदबाई आणि मी शोधायला निघालो. पानटपऱ्या झाल्या, बोकडांचा बाजार भरतो ती जागा झाली, कुठंच पत्ता नाही. शेवटी एका रसवंतीवाल्यानं सांगितलं, "धोतरवाले, टोपीवाले? ते मैदानावर हायेत की. पोरायला पळवायलेत."

खरंच होते. भरतीची तयारी करणारी दहा-बारा पोरं मैदानाला फेऱ्या मारत होती आणि आमचे हे मधोमध उभे राहून, कुणाचं तरी घड्याळ हातात घेऊन, मेंढरं हाकतात तसे "हुर्रर्र, हुर्रर्र" करत होते. "आरं हात सोडून पळ! मूठ कशाला आवळलीस, गाभण शेळीवानी चालायलास!" पोरं हसत होती आणि पळतही होती. मी जवळ गेले तेव्हा एक पोरगं धापा टाकत विचारत होतं, "सर, तुमी कोणत्या अकॅडमीचे?"

"पेडगाव," हे म्हणाले.

तीन वर्षं वैजू पहाटे रस्त्यावर पळायचा आणि हे मेंढरं घेऊन कडेला उभे राहून त्याची वेळ बघायचे. मला वाटायचं, हे मेंढरंच चारायला जातात. घड्याळ परत करताना ह्यांचा हात त्या पोराच्या पाठीवर जरा जास्तच वेळ राहिला.  मी मात्र मनातून घाबरले. उद्या रविवार, आणि एवढा पातळ झालेला माणूस फोनवर "ये" म्हणाल्याशिवाय राहतोय कशाला? नणंदबाईंच्या पोराची वही घेऊन मी प्रश्न लिहून काढले. जेवण, झोप, पाय, पाणी, थंडी, अंथरूण. हे प्रश्न इतके भराभर विचारायचे की ह्यांना मधे फट सापडू नये, असा माझा बेत होता.

रविवार : देवगाव फाटा

देवगाव फाट्याजवळ ह्यांच्या मामेभावाचं, भगवानरावांचं शेत आहे. त्यांनी हुरड्याला बोलावलं होतं. सेलूहून जीपनं गेलो. जीपमध्ये पुढं चालकासकट चौघं बसतात. मधे बसलेल्या माणसाला गिअर पायांच्या मधून टाकून घ्यावा लागतो. ती जागा ह्यांना मिळाली. प्रत्येक वळणावर चालक "पाय घ्या काका" म्हणायचा आणि हे "घे बाबा, तुझाच हाय" म्हणायचे.

फाट्यावर माणूस राहायला येत नाही, गाडी बदलायला येतो. तिथं प्रत्येकजण दुसरीकडंच निघालेला असतो, त्यामुळं कुणी कुणाला फार प्रश्न विचारत नाही. मला ते आवडलं. भगवानरावांनी शेतात आगटी पेटवली होती. कोवळी कणसं निखाऱ्यात भाजून, हातावर चोळून, फुंकर मारून दिलेला हुरडा, सोबत गूळ आणि तिखट. आमच्या पेडगावात हुरड्याबरोबर दही घेतात. इथं ताकावर भागवतात आणि दही खाणाऱ्याला नाजूक समजतात. मी दोन ओंजळी खाल्ल्या असतील, तेवढ्यात हे फोन उंच धरून बांधावर चढले. शेतात रेंज नव्हती.

हुरडा फडक्यात बांधून आम्ही दहा वाजता फाट्यावरच्या हॉटेलात येऊन बसलो. हॉटेल म्हणजे पत्र्याची शेड, दोन बाकडी, भज्यांची कढई. हॉटेलवाल्यानं तासाभरात विचारलंच, "कोणाची वाट बघायलात मामी?" मी सांगितलं. मग त्यानं गाणं लावलेला मोबाईल बंद केला. त्यानं चहावाल्या गिऱ्हाइकाला सांगितलं, गिऱ्हाइकानं ट्रॅक्टरवाल्याला. बारा वाजता बस आली तेव्हा कंडक्टरनं खाली उतरून विचारलं, "आला का फोन पोराचा?" प्रश्न न विचारणारा फाटा तो हाच का, असं मला झालं. फोन दुसऱ्या कुणाचाही वाजला तरी हे उठत होते. ह्यांच्या धोतराचा सोगा बाकड्याच्या खिळ्यात अडकला होता, त्यामुळं दर वेळी बाकडंही थोडं उठत होतं.

अडीच वाजता आमचा फोन वाजला. मी स्पीकर लावला. खरखर, मग एक घोगरा, फाटका आवाज. "आई."

"कोण?" मी म्हणाले.

"आगं मी. वैजू."

"वैजूचा आवाज आसा न्हाई," मी म्हणाले. कढईपाशी कुणीतरी हसलं.

"आगं, वरडून वरडून घसा बसलाय. दिसभर वरडायला लावतेत." मग तो खाकरला, आणि ते खाकरणं मात्र माझ्या घरातलं होतं.

मी वही उघडली आणि सुरू केलं. जेवण? मिळतंय, पोट भरतंय, भाकरी न्हाई. झोप? चारला उठवतेत. पाय? फोड आलेत, त्यातले दोन फुटलेत. थंडी? लय. प्रत्येक उत्तर पहिल्यापेक्षा लहान होत गेलं. अंथरुणाचं विचारलं तेव्हा नुसती खरखर आली. मला वाटलं रेंज गेली.

मग तो म्हणाला, "आई, येऊ का गं परत?"

ह्याच एका प्रश्नासाठी मी पंधरा दिवस ह्यांच्यावर पहारा ठेवला होता. अकॅडमीच्या सरांनी सांगितलेलं सगळं मला पाठ होतं. आणि खरं सांगते, माझ्या तोंडात "ये" आलं. दातांच्या मागं येऊन उभं राहिलं. बॅनर, वय, सत्कार, काहीही आठवेना. फुटलेले दोन फोड तेवढे दिसत होते. मी तोंड उघडलं.

ह्यांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"येतूस कुठं?" हे म्हणाले. "घराला कुलूप हाय."

"म्हंजे?"

"म्हंजे घरी कुणी न्हाई. आमी फिरायला निघालोत. मी आन तुझी माय."

"फिरायला? कुठं?"

"काल सेलू झालं. आता देवगाव फाट्याला हावोत. हुरडा खायलोत."

"कामून?"

"कामून म्हंजे? तुझा जिम्मा होता तवर कुठं हिंडता आलं का आमाला? आता मोकळे झालोत. आजून लय फिरायचंय. तू मधीच आलास तर तुला भाकरी कोण घालील?"

 हॉटेलवाला झारा हातात धरून तसाच उभा होता आणि कढईतली भजी काळी होत होती. मग त्या फाटक्या आवाजात हसू आलं, आधी थोडं, मग खोकल्यासकट.

"आबा, तुमी? फिरायला?"

"का? सरकारनं बंदी केली का?"

मागून कुणीतरी हिंदीत ओरडलं. वैजू घाईघाईनं म्हणाला, "ठिवतो आबा. पुढच्या रविवारी लावतो."

"लाव. आमी कुठं आसू ते सांगता येत न्हाई. पण तू लाव."

फोन बंद झाला तरी ह्यांनी तो कानाजवळ धरून ठेवला होता. ट्रॅक्टरवाल्यानं न विचारता चहाचे दोन कप पुढं सरकवले. हॉटेलवाल्यानं करपलेली भजी काढून बाजूला टाकली आणि नवीन घाणा सोडला. स्टेशनावर "ये निघून" म्हणणारा हाच माणूस का, म्हणून मी ह्यांच्या तोंडाकडं बघत होते. तोंड नेहमीचंच होतं.

चहा झाला, मी पिशव्या उचलल्या. "चला, जीप लागली हाय सेलूची. सांजच्या गाडीनं घरी जाऊत."

"घरी कसं जायचं?" हे म्हणाले.

"म्हंजे?"

"पोराला सांगितलंय आजून लय फिरायचंय म्हणून. तो तिकडं फोडाच्या पायानं पळायलाय, आन आपुन त्याला खोटं सांगायचं का?"

मला ब्लाउजं आठवली. लग्नघर आठवलं. "मग कुठं जायचं?"

हे उठून फाट्यावरच्या पाटीखाली जाऊन उभे राहिले. बराच वेळ मान वर करून वाचत होते. मग म्हणाले, "जिंतूर."

"तिथं कोण हाय आपलं?"

"कुणीच न्हाई."

लग्नाला पंचवीस वर्षं झाली. आमचं कुणीच नाही अशा गावाला आम्ही एकदाही गेलो नव्हतो. जिंतूरची बस आली, आम्ही चढलो, ह्यांनी खिडकी धरली. बाहेर कुणाची मेंढरं चरत होती, तिकडं ह्यांचं लक्ष नव्हतं. फाटा मागं पडला तसे हे रडायला लागले. उपरणं तोंडाला न लावता, चांगले मोठ्यानं. मलाही आवरेना. मग मीही आवरलं नाही. बसमधली माणसं माना वळवून बघायला लागली.

ह्या बसचा कंडक्टर दुसरा होता, तो तिकिटं फाडत आमच्यापर्यंत आला आणि थांबला. "काय झालं हो मामी? कुणी गेलं का?"

"न्हाई," मी म्हणाले. "पोरगं टिकलं आमचं. दोन जिंतूर द्या."